दोघांचा भात नीट होतो, पाहुणे आले की गिच्च का होतो? तांदूळ-पाण्याचं माप कसं काढायचं?

तुम्ही लिहिलंय, १ वाटी कोलमला सव्वादोन वाट्या पाणी घालून पातेल्यात भात छान होतो, पण ४ वाट्यांना त्याच हिशेबाने ९ वाट्या घातल्या की लगदा होतो. तुमचा हात चुकत नाहीये, हिशेब चुकतोय.

पातेल्यातलं पाणी दोन वाटांनी जातं. एक वाटा तांदूळ पितो आणि तो तांदळाबरोबर वाढतो. दुसरा वाफेने उडतो. तो पातेल्याच्या रुंदीवर, झाकणावर आणि किती मिनिटं शिजवता त्यावर ठरतो, तांदूळ किती आहे यावर फारसा नाही. जुना कोलम मऊ शिजताना वाटीला साधारण दीड वाटी पितो. म्हणजे तुमच्या सव्वादोनपैकी पाऊण वाटी नुसती वाफ. ४ वाट्यांना ६ वाट्या प्यायला आणि वाफेची फार तर १, अशा ७ वाट्या पुरतात. वरच्या दोन वाट्यांनीच गिच्चा होतो.

तुमच्या पातेल्याची वाफ एकदा मोजून ठेवा. ४ वाट्या पाणी उकळा, झाकण ठेवून भाताच्याच मंद आचेवर १५ मिनिटं ठेवा आणि उरलेलं मोजा. जे कमी झालं तो तुमचा कायमचा आकडा.

पिण्याचा वाटा तांदळागणिक बदलतो. इंद्रायणी आणि आंबेमोहोर मुळातच चिकट. दिवाळीनंतर येणारा नवा असेल तर वाटीला सव्वा वाटी धरा. जुना बासमती अर्धा तास भिजवून पुलावासाठी फडफडीत हवा असेल तर निथळल्यावर एकच वाटी. कोकण-गोव्यातल्या उकड्याला हे गणित लावूच नका, तो भरपूर पाण्यात शिजवून वेळायचा, पेज वेगळी काढायची.

माप नेहमी कोरड्या तांदळाचं, धुण्याआधी, आणि पाण्याला तीच वाटी. इथली वाटी १५० मिलीची, तिच्यात सुमारे १२५ ग्रॅम तांदूळ मावतो. पोळीबरोबर माणशी अर्धी वाटी पुरते, नुसता आमटी-भात असेल तर पाऊण ते एक. धुतलेला तांदूळ रोवळीत नीट निथळला नाही तर वाटीमागे दोन-तीन चमचे पाणी न मोजता आत जातं. एका वाटीला ते जाणवत नाही, चार वाट्यांना जाणवतं. अर्धा तास भिजवला असेल तर वाटीमागे पाव वाटी पाणी कमी करा. वर बासमतीच्या मापात ते आधीच धरलंय.

बोटाचं पेर बुडेल इतकं पाणी घालायची रीत चांगली आहे, पण एकाच पातेल्यात आणि नेहमीच्याच मापाला. १६ सेंमी रुंद पातेल्यात अडीच सेंमीचा थर म्हणजे अर्धा लिटर पाणी, २४ सेंमीच्या पातेल्यात तोच थर लिटरभराहून जास्त. पाहुण्यांसाठी मोठं पातेलं काढलं की पेर फसवतं.

कुकरच्या डब्यात मात्र वाफेचा वाटा जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे प्रमाण सरळ वाढवता येतं: कोलमला दीड ते दोन वाट्या, किती मऊ आवडतो त्याप्रमाणे. डब्यावर ताटली ठेवा, नाहीतर झाकणाचं पाणी थेंबाथेंबाने भातात पडतं. भात फुलून तिप्पट होतो, तेव्हा कोरड्या तांदळाने डब्याचा पाव भागच भरा. त्याहून जास्त असेल तर दोन डबे लावा, एकाच खोल डब्यात मधला भात कच्चा राहतो.

भात शिजल्यावर गॅस बंद करून १० मिनिटं झाकण उघडू नका. खालचं पाणी तेवढ्यात वरच्या शितांपर्यंत पोचतं. तरीही कणी राहिली तर वाटीमागे दोन चमचे गरम पाणी शिंपडून, पातेल्याखाली तवा ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. गार पाणी घालू नका. गिच्च झालेला मात्र मोकळा होत नाही. परातीत पसरून वाफ जाऊ द्या आणि त्याचा दहीभात करा.