‘द डोअर्स’चे कीबोर्डवादक रे मॅन्झरेक कोण होते?
‘द डोअर्स’ या अमेरिकन रॉक बँडचं नाव काढलं की सगळे गायक जिम मॉरिसनवरच थांबतात, पण माझ्या मते त्या बँडचा कणा मॅन्झरेकच होते. जन्म शिकागोचा, १९३९चा. लॉस एंजेलिसला सिनेमाचं शिक्षण घेताना मॉरिसनशी ओळख झाली, १९६५मध्ये बँड उभा राहिला.

त्यांच्या कार्यक्रमांचं जुनं चित्रीकरण जरूर बघा. स्टेजवर बास गिटारवाला नाहीच! मॅन्झरेक डाव्या हाताने फेंडर कंपनीच्या छोट्या कीबोर्डवर बास, म्हणजे गाण्याचे खालचे सूर, धरून ठेवायचे आणि उजवा हात त्याच वेळी व्हॉक्स कंपनीच्या ऑर्गनवर मोकळा फिरायचा. ‘लाइट माय फायर’ या गाण्याच्या सुरुवातीचा तो प्रसिद्ध ऑर्गन त्यांचाच. १९७१मध्ये मॉरिसन वारल्यावर उरलेल्या तिघांनी आणखी दोन अल्बम काढले. पुढे मॅन्झरेक यांनी ‘एक्स’ या पंक बँडचे अल्बमही घडवले. २०१३मध्ये जर्मनीत कॅन्सरने त्यांचं निधन झालं.