मळीच्या टाकीला गाईडेड वेव्ह रडार लेव्हल ट्रान्समीटर (टाकीत सोडलेल्या प्रोबवरून रडार लहरी पाठवून द्रवाची पातळी मोजणारं उपकरण) बसवायचा आहे. प्रोब कोएक्सियल (नळीच्या आत रॉड) घ्यावा की सिंगल रॉड (नुसता रॉड)?

सिंगल रॉडच घ्या, मळीला कोएक्सियल अजिबात नको. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, त्यामुळे प्रोब उघडून पाहिलेत: बाहेरची नळी आणि आतला रॉड यांच्यामधल्या फटीत मळी अडकून घट्ट होते, मग टाकी उतरली तरी रीडिंग तिथेच चिकटून राहतं. नुसत्या रॉडवरून ती बरीचशी निथळते, पुसताही येते. कोएक्सियल डिझेलसारख्या स्वच्छ द्रवाला उत्तम. डिझेलचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (हा जितका कमी, तितका लहरीचा कमी भाग द्रवावरून परततो) जेमतेम 2, पाण्याचा 80च्या आसपास, म्हणून परतणारा सिग्नल क्षीण असतो आणि नळी तो विखुरू देत नाही. मात्र सिंगल रॉडला मोकळी जागा लागते. भिंत, शिडी, वरून पडणारी धार यांपासून लांब ठेवा. उंच, अरुंद नॉझलमध्ये (टाकीवरच्या जोडनळीत) खोटा एको येतो, म्हणजे द्रवाऐवजी दुसऱ्याच कशावरून सिग्नल परततो. ऑर्डरसोबत टाकीचं ड्रॉइंग जरूर पाठवा.