गोल्डस्ट्रीमच्या केबिनमध्ये तेलाचा हीटर: यंत्रापेक्षा टाकीकडे आधी बघा

तुमचा प्रश्न असा आहे: अलास्कात फेअरबँक्सजवळ गोल्डस्ट्रीम व्हॅलीत १६ बाय २० फुटांची ड्राय केबिन (नळाचं पाणी नसलेलं लाकडी घर) घेतली आहे, आत फक्त लाकडाची शेगडी आहे, दोघंही दिवसभर विद्यापीठात असता आणि डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला जायचं आहे. तेलावर चालणारा टोयो (या कंपनीचा, भिंतीतून धूर बाहेर टाकणारा हीटर) बसवावा का, किती मोठा, स्वतः बसवता येईल का आणि नंतर निगा किती ठेवावी लागते?

बसवा, आणि जमीन गोठायच्या आत बसवा. लाकडाच्या शेगडीच्या भरवशावर तीन आठवडे घर सोडून जाता येत नाही. ती शेगडी मात्र काढू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

इथं बरीच वर्षं राहून, स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या केबिनांमधले हे हीटर बघून माझं एक ठाम मत झालंय. कडाक्याच्या थंडीत हीटर बंद पडला की लोक हीटर उघडून बसतात, पण दोष बहुतेक वेळा भिंतीबाहेर असतो. तेल पोचत नसतं. म्हणून पैसा आणि डोकं दोन्ही आधी टाकी, नळी आणि फिल्टरवर खर्च करा.

आधी आकाराचं बघू. तुमच्या केबिनला टोयोचं लेझर ५६ हे मॉडेल पुरेसं आहे. तो पूर्ण जोरात ताशी सुमारे २२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता देतो. त्याहून मोठा लेझर ७३ जवळजवळ दुप्पट देतो, आणि ‘असू दे मोठा’ म्हणून तोच घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. मोठा हीटर लहान जागेत कायम मंद आचेवर चालतो किंवा सारखा चालू-बंद होतो, आणि तेल नीट न जळता, ते ज्यात जळतं त्या जळणाच्या भांड्यात काजळी साचते. मॉनिटर नावाच्या दुसऱ्या कंपनीचे जुने हीटर स्वस्तात मिळतात आणि चांगले चालतातही, पण ते आता बनत नाहीत आणि सुटे भाग शोधत फिरावं लागतं. पहिल्याच हिवाळ्यात ती कटकट नको.

या हीटरचा मोठा गुण म्हणजे तो घरातली हवा जाळत नाही. भिंतीतून जाणाऱ्या नळीत नळी असते. बाहेरच्या नळीतून हवा आत येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो. लाकडाची शेगडी पेटलेली असली तरी हवेसाठी दोघांची ओढाताण होत नाही. तरीही कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचाच, झोपायच्या जागेजवळ. अलास्कात तो कायद्यानंही बंधनकारक आहे. एखादं गॅस्केट फाटलं किंवा नळीचा जोड सुटला तर दुसरं काहीच तुम्हाला सांगणार नाही, कारण त्या वायूला वास नसतो.

भिंतीला भोक पाडताना आधी आतला लाकडी खांब कुठे आहे ते शोधा. नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, म्हणजे आत साठलेलं पाणी बाहेर गळेल, हीटरकडे येणार नाही. बाहेरचं तोंड मार्चमधल्या बर्फाच्या उंचीपेक्षा वर राहिलं पाहिजे. आज ऑगस्टमध्ये दिसणारी जमीन मोजून उपयोग नाही. छपरावरचा बर्फ जिथे घसरून पडतो त्या बाजूला ते नको, आणि खिडकीखाली किंवा बंदिस्त पडवीत तर अजिबात नको. एक गोष्ट नवे लोक सोडून देतात: आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा बाष्परोधक पडदा कापला जातो, तो नळीभोवती पुन्हा नीट सीलबंद करायचा. नाहीतर घरातली दमट हवा त्या फटीतून भिंतीत शिरते, इन्सुलेशनमध्ये गोठते आणि वसंतात भिंत आतून भिजते.

हीटर पाणसळ लावून अगदी सपाट बसवा. आत तेल येऊन थांबायचं एक वेगळं छोटं भांडं असतं, त्यात तरंगता गोळा तेलाची पातळी सांभाळतो. हीटर कलला की पातळी चुकते. गोल्डस्ट्रीममध्ये हे जास्तच महत्त्वाचं, कारण तिथे खाली बऱ्याच ठिकाणी कायम गोठलेली जमीन आहे आणि केबिन दरवर्षी थोडी हलते. दर शरदात पाणसळ हीटरवर ठेवून बघा आणि पाय फिरवून पातळी साधा.

आता टाकी. तेल उतारानं, आपल्या वजनानं हीटरपर्यंत यायला हवं. त्यासाठी टाकी मजबूत स्टँडवर हवी. तिची कमाल आणि किमान उंची तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती तंतोतंत पाळा. फार उंच टाकीचा दाब गोळ्याच्या झडपेला झेपत नाही. स्टँडच्या पायांखाली खडीचा थर आणि रुंद पाट्या टाका, कारण जमीन फुगली की स्टँड तिरका होतो. टाकीपासून भिंतीपर्यंत मऊ तांब्याची नळी येते. तिला टाकीजवळ एक ढिलं वेटोळं ठेवा. स्टँड दोन इंच हलला तरी वेटोळं ताण घेतं. नळी ताठ ओढून बसवली तर जोड तडकतो आणि भर हिवाळ्यात सगळं तेल जमिनीत जातं. ते साफ करायचा खर्च हीटरच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो, आणि तुमची विहीर नसली तरी शेजाऱ्याची असते. टाकीसुद्धा छपराच्या उताराखाली ठेवू नका. वरून सुटलेली बर्फाची लादी व्हॉल्व्ह मोडून टाकते.

जोड फ्लेअरचेच (नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून बसवलेले) हवेत, दाबून बसवायचे कॉम्प्रेशन जोड नकोत. आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, तेलाला टिकणारं सीलंट लावा, कारण टेपचे तुकडे सुटून गाळणीत अडकतात. नळी एकसारखी उतरती हवी. मध्ये कुठे उंचवटा आला तर तिथे हवा अडकते आणि हीटर अर्ध्या तासानं कारण न कळता विझतो.

टाकीत आपोआप पाणी तयार होतं, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन पटत नाही. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री गार होते, आतल्या हवेतली वाफ भिंतीवर जमते आणि तळाशी उतरते. तेलापेक्षा पाणी जड. ते व्हॉल्व्हपाशी आणि फिल्टरच्या वाटीत साठतं आणि पहिल्या कडक थंडीत गोठतं. बर्फाचा लहानसा खडासुद्धा ती बारीक वाट बंद करायला पुरतो. यावर उपाय साधे आहेत. उन्हाळ्यात टाकी भरलेली ठेवा, पाणी काढायच्या तोटीकडे तिला थोडा कल द्या, आणि सप्टेंबरात त्या तोटीतून काचेच्या बरणीत थोडं तेल काढून बघा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. स्वच्छ तेल येईपर्यंत काढत राहा. त्याच दिवशी फिल्टर बदला. टाकीच्या वरची श्वासनळीही बघा. तिच्यात गांधीलमाशा घरं करतात, हिवाळ्यात तिच्यावर बर्फाची टोपी बसते, आणि आत हवा शिरली नाही तर तेल खाली उतरत नाही.

हीटरचं तेल क्रमांक १ चंच घ्या, म्हणजे केरोसीनसारखं पातळ; क्रमांक २ हे डिझेलसारखं जड. क्रमांक २ मध्ये थोडी जास्त उष्णता असते, पण थंडीत त्यातलं मेण बाहेर येतं आणि बाहेरच्या टाकीत ते दाट होऊन बसतं. उणे ४० ला (इथे सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच) त्याचा काही उपयोग नाही. डब्यानं तेल आणणार असाल तर डब्याचा रंग पाळा: केरोसीनला निळा, डिझेलला पिवळा, पेट्रोलला लाल. लाल डब्यातलं, किंवा ज्यात एकदा पेट्रोल होतं अशा डब्यातलं काहीही या टाकीत कधीही जाता कामा नये. थोड्याशा पेट्रोलनंही आग लागते.

टाकी किती मोठी, याचा हिशेब वाईटात वाईट धरून करा. लेझर ५६ पूर्ण जोरात दिवसाला चार-साडेचार गॅलन पितो. ५५ गॅलनचं पिंप लावलंत तर सलग कडाक्यात ते बारा-तेरा दिवसांत संपेल. तुम्ही तीन आठवडे जाणार आहात. तुम्ही नसताना तापमान कमी ठेवलं तर खर्च बराच कमी होईल हे खरं, पण व्हॅलीत थंड हवा तळाशी साचते आणि वरच्या टेकड्यांपेक्षा तिथे पारा खूप खाली जातो. निदान शंभर गॅलनच्या पुढची टाकी घ्या. तेलाचा ट्रक ठरावीक गॅलनांच्या खाली येतही नाही, आणि तुमचा रस्ता बर्फ काढून मोकळा नसेल तर मुळीच येत नाही.

स्वतः काय करावं? स्टँड, खडी, भिंतीतलं भोक आणि सीलिंग तुम्ही आरामात कराल. तांब्याच्या नळीचे जोड, गळतीची तपासणी आणि पहिली पेटवणी मात्र फेअरबँक्समधल्या जाणत्या तंत्रज्ञाकडून करून घ्या. वॉरंटी आणि घराच्या विम्यासाठीही ते बरं. तो काम करत असताना बाजूला उभं राहून बघा आणि मोकळेपणानं विचारा. तेलाच्या भांड्यावरचा लाल रिसेटचा दांडा कुठे आहे, गाळणी कशी निघते, हे डोळ्यांनी पाहिलं की अर्धी भीती जाते.

देखभाल फार नाही, पण चुकवायची नाही. मागच्या पंख्याची जाळी दर आठवड्याला व्हॅक्यूमनं साफ करा. कुत्रा असेल तर दोनदा. जाळी बुजली की हीटर जास्त तापून बंद होतो. जळणाच्या भांड्याची काजळी, गाळणी आणि पेटवणीचा भाग वर्षातून एकदा, ऑगस्टात, तंत्रज्ञाकडून साफ करून घ्या. भट्टीचं झाकण उघडलं की नवं गॅस्केट लागतं, जुनं परत बसवून चालत नाही. मधून मधून हीटर तासभर पूर्ण जोरात चालवा, त्यानं काजळी कमी धरते. खिडकीतून ज्योत बघायची सवय लावा. निळी, स्थिर ज्योत म्हणजे सगळं ठीक. पिवळी, आळसावलेली, लांब ज्योत दिसली तर हवा कमी पडतेय: बाहेरच्या नळीच्या तोंडावर हिमकण जमलेत का ते आधी बघा.

हीटर पेटला नाही तर पडद्यावर कोड येतो. तो लिहून घ्या, एकदा रिसेट करून बघा. पुन्हा नाही पेटला तर थांबा. दर प्रयत्नाला जळणाच्या भांड्यात न जळलेलं तेल साठतं, आणि पाचव्या-सहाव्या वेळी ते सगळं एकदम पेटलं तर हीटर आतून लाल होतो. अशा वेळी व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लाकडाची शेगडी पेटवायची. ती ठेवा म्हटलं ते यासाठीही, आणि विजेसाठीही. टोयोला पेटताना बरीच आणि चालताना थोडी वीज लागते, आणि बर्फाच्या भारानं झाड तारांवर पडलं की वीज जाते. बॅटरी-इन्व्हर्टर लावणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा) घ्या.

पुण्याला जाताना हीटर पन्नास फॅरनहाइटवर ठेवा आणि पाण्याचे डबे जमिनीवर ठेवू नका. इथं लोक खिडकीत एक दिवा ठेवतात. त्याचं थर्मोस्टॅट घर ठरावीक तापमानाखाली गेलं की दिवा लावतं. रस्त्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याला सांगून ठेवा: दिवा दिसला तर आत जा. त्याच्याकडे किल्ली, तंत्रज्ञाचा नंबर आणि शेगडीजवळ चिरलेली कोरडी लाकडं असू द्या. फोनवर तापमान दाखवणारं यंत्रही लावा, पण वीज गेली की तेही गप्प होतं, म्हणून माणूस हवाच.

भोक पाडायच्या आधी त्या भिंतीचे आतून आणि बाहेरून फोटो इथे टाका, छपराचा उतार दिसेल असे. टाकी कुठे ठेवायचा विचार आहे तेही खुणेनं दाखवा. जागा बदलायची असेल तर ती आत्ताच बदललेली बरी.