स्वयंचलित गाड्यांचे धोरण ठरवताना तज्ज्ञ समित्यांचा खरोखर उपयोग होतो का?

चालकाविना धावणाऱ्या गाड्यांसाठी देशोदेशी तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या जातात. त्यांचे अहवाल शेवटी कपाटात पडून राहतात आणि कंपन्यांच्या मनात असते तेच होते का, असे आपण विचारले आहे. हे अहवाल मी गेली काही वर्षे लक्षपूर्वक वाचत आलो आहे आणि माझे उत्तर असे की उपयोग होतो, पण समितीपुढे कोणता प्रश्न ठेवला यावर तो अवलंबून असतो. ‘हे तंत्रज्ञान रस्त्यावर कधी येईल’ असे विचारले, तर मोठ्यातल्या मोठ्या तज्ज्ञाकडूनही अंदाजाखेरीज काही हाती लागत नाही. ‘अपघात झाला तर उत्तरदायी कोण आणि गाडी सुरक्षित असल्याचा पुरावा कशाला म्हणायचे’ असे विचारले, तर मात्र चांगली समिती कायद्याला आकार देऊ शकते.

हा प्रश्न वेळेत विचारला नाही तर काय होते, हे अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याने पाहिले आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री टेंपे शहरात सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणारी एक महिला उबरच्या चाचणी-गाडीच्या धडकेने मृत्युमुखी पडली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले की गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. परंतु क्रॉसिंग सोडून भलत्याच ठिकाणी कोणी पायी रस्ता ओलांडेल, ही शक्यता यंत्रणेच्या रचनेत धरलेलीच नव्हती. त्यामुळे यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी ‘अन्य वस्तू’ समजत राहिली आणि दर वेळी तिच्या वाटचालीचा हिशेब नव्याने मांडत राहिली. देखरेखीसाठी चालकाच्या जागी बसलेल्या कर्मचारी महिलेचे लक्ष मोबाइलकडे होते. मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिच्या दुर्लक्षाला मुख्य कारण ठरवले, पण त्याचबरोबर कंपनीचे तोकडे जोखीम-मूल्यमापन, कर्मचाऱ्यांवरील ढिली देखरेख आणि राज्याचे अपुरे नियंत्रण ही कारणेही स्पष्टपणे नोंदवली. फौजदारी खटला मात्र एकट्या त्या कर्मचारी महिलेवर चालला आणि २०२३ मध्ये तिला तीन वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळीक) मिळाली. याच राज्यात २०१५ पासून स्वयंचलित वाहनांसाठी देखरेख समिती होती, हे मला विशेष बोचते. तिच्या बैठका मोजक्याच झाल्या आणि तिच्या हाती अधिकारही नव्हते.

याच्या अगदी उलट वाट ब्रिटनने धरली, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला तिथे दिसते. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने हा विषय इंग्लंड-वेल्सचा विधी आयोग आणि स्कॉटलंडचा विधी आयोग यांच्याकडे संयुक्तपणे सोपवला. त्यांनी २०१८, २०१९ आणि २०२० अशा तीन वर्षांत तीन सल्लामसलत-पत्रे काढली. वाहन-उत्पादक, विमा कंपन्या, पोलीस, अपंगांच्या संघटना, मानवी वर्तनाचे अभ्यासक आणि सामान्य नागरिक या सर्वांची लेखी मते मागवली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ७५ शिफारशींचा अंतिम अहवाल दिला. त्यावर आधारलेल्या कायद्याला २० मे २०२४ रोजी राजमान्यता मिळाली. एखादी समिती निवांतपणे तीन-चार वर्षे घेते म्हणून आपण नेहमी चिडतो. इथे मात्र प्रत्येक सल्लामसलतीनंतर आयोगांनी आपली आधीची मते जाहीरपणे तपासून पाहिली, आणि कच्चे मुद्दे कायद्यात जाण्याआधी कागदावरच गळून पडले.

या अहवालाचा गाभा असा आहे की, गाडीची स्वयंचालन यंत्रणा सुरू असताना आसनावर बसलेल्या माणसाला ‘चालक’ मानू नये. त्याला ‘युजर-इन-चार्ज’ असे वेगळे स्थान द्यावे. विमा, मुलांचे सीटबेल्ट, गाडीत भरलेले सामान यांची जबाबदारी त्याच्याकडेच राहील, पण यंत्रणेने सिग्नल तोडला किंवा बेदरकारपणे गाडी चालवली तर त्याच्यावर खटला होणार नाही. गाडीला परवानगी मिळावी म्हणून अर्ज करणाऱ्या कंपनीला त्याचा जाब द्यावा लागेल, आणि तिने सुरक्षेविषयीची माहिती दडवली किंवा खोटी दिली तर तो फौजदारी गुन्हा ठरेल. येथे मानवी वर्तनाच्या अभ्यासकांचा प्रभाव ठळकपणे जाणवतो. यंत्रणा जितकी विश्वासार्ह, तितके तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे मन लवकर भरकटते, आणि मग ऐन संकटात त्याने क्षणात ताबा घ्यावा ही अपेक्षा फोल ठरते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी स्वयंचलनातील हा पेच १९८३ मध्येच मांडला होता. म्हणून आयोगांनी कसोटी अशी ठेवली की माणूस रस्त्याकडे पाहत नसला तरी गाडी सुरक्षित चालली पाहिजे. ही अट जी गाडी पुरी करू शकत नाही, तिला जाहिरातीतसुद्धा ‘स्वयंचलित’ म्हणवून घेता येणार नाही. हे कलम केवळ अभियंत्यांच्या समितीला सुचले असते, असे मला वाटत नाही.

आणखी एका बाबतीत मला या आयोगांविषयी आदर वाटतो. ‘किती सुरक्षित म्हणजे पुरेसे सुरक्षित’ हा निर्णय आपला नाही, तो समाजाला उत्तरदायी असलेल्या मंत्र्यांनी घ्यावा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढे संसदेने ‘काळजीपूर्वक आणि सक्षमपणे गाडी चालवणारा माणूस’ हे माप कायद्यात घातले. सरासरी चालकाचे माप घेतले असते तर त्यात मद्यपी, झोपाळू आणि मोबाइलवर बोलणारेही आले असते. या मापाने त्यांना वगळले आहे.

जर्मनीतले उदाहरण लहान आहे, पण बोलके आहे. तिथे घटनात्मक न्यायालयाचे माजी न्यायाधीश उडो दी फाबियो यांच्या अध्यक्षतेखालील १४ सदस्यांच्या नीतिमत्ता-आयोगाने जून २०१७ मध्ये २० नियम दिले. अपघात अटळच असेल तर वय, लिंग किंवा शारीरिक-मानसिक अवस्था पाहून कोणाला वाचवायचे हे ठरवण्यास त्यांतील एका नियमाने सक्त मनाई केली. २०२१ च्या जर्मन कायद्यात ही मनाई जवळपास तशीच उतरली.

आता पुराव्याविषयी. कंपन्या ‘आमच्या गाड्या इतके लाख मैल धावल्या’ असे सांगतात, तेव्हा ऐकणारा सहज भारावून जातो. २०१६ मध्ये रँड या संशोधन संस्थेतील निधी कालरा आणि सुझन पॅडक यांनी यामागचे साधे संख्याशास्त्र मांडले. अमेरिकेत दर १० कोटी मैलांमागे सुमारे एक मृत्यू होतो. तेव्हा मृत्यूंच्या बाबतीत आपण माणसाइतके तरी सुरक्षित आहोत हे ९५ टक्के विश्वासाने दाखवायचे, तर गाड्यांना एकही प्राणघातक अपघात न होता २७.५ कोटी मैल धावावे लागेल. शंभर गाड्या ताशी २५ मैलांच्या वेगाने रात्रंदिवस धावल्या तरी साडेबारा वर्षे. केवळ मैल मोजून सुरक्षा सिद्ध होणार नाही, हे या गणिताने दाखवून दिले आणि धोरणकर्त्यांची नजर दुसरीकडे वळवली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील फिलिप कूपमन यांच्या पुढाकाराने एप्रिल २०२० मध्ये आलेले यूएल ४६०० हे मानक कंपनीकडे मैलांऐवजी सुरक्षेचा सविस्तर युक्तिवाद आणि त्यामागचा पुरावा मागते.

कंपन्यांच्या वर्चस्वाविषयीची आपली शंका निराधार नाही. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच या ज्या पातळ्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्या एसएई या अभियंत्यांच्या संघटनेने ठरवल्या आहेत आणि तिच्या समित्यांमध्ये उद्योगातील मंडळी असतातच. त्यांना बाहेर ठेवून भागणार नाही, कारण यंत्रणा आतून कशी चालते हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. धोका तिथे आहे जिथे माहिती द्यायची की नाही हेही तेच ठरवतात. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माणूस चालवत असलेल्या दुसऱ्या एका गाडीची धडक बसून एक पादचारी महिला क्रूझ कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे फेकली गेली. ती गाडी तिला धडकून थांबली, पण मग कडेला जाण्यासाठी पुन्हा सरकली आणि तिला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली. सरकारला दिलेल्या अहवालातून कंपनीने हा फरफटण्याचा भाग वगळला, आणि २०२४ मध्ये खोटा अहवाल दिल्याचे मान्य करून पाच लाख डॉलरचा दंड भरला. माहिती दडवणे हा गुन्हा मानावा, ही ब्रिटिश आयोगांची शिफारस या घटनेच्या आधीची आहे.

भारतात अशा समितीला अजून काम नाही, असे आपल्याला वाटेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच सांगितले की चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या आपण देशात येऊ देणार नाही. त्यांची चिंता खरी आहे. परंतु आपोआप ब्रेक लावणाऱ्या आणि मार्गिका राखणाऱ्या यंत्रणा असलेल्या मोटारी आपल्या रस्त्यांवर आजच विकल्या जात आहेत, आणि २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली आहेत. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत वाहनांची तांत्रिक तपासणी करणारे मनुष्यबळ आहे, हैदराबादच्या ट्रिपल आयटीने रिक्षा आणि जनावरांसकट भारतीय रस्त्यांची चित्रे यंत्रांना शिकवण्यासाठी संकलित केली आहेत, आणि पादचारी, सायकलस्वार व दुचाकी यांच्या मिश्र वाहतुकीचा अभ्यास दिल्ली आयआयटीत काही दशके चालू आहे. तज्ज्ञ आहेत, त्यांना एकत्र बसवून कायद्याचा प्रश्न विचारलेला नाही.

तो कुठून सुरू करावा, हेही मला बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार अपघातात मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर इजा झाल्यास अडीच लाख रुपये, चूक कोणाची हे सिद्ध न करता, मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे असतात. म्हणजे पीडिताला तातडीने मदत मिळण्याचा पाया आपल्याकडे आहे. भारतीय न्याय संहितेचे बेदरकार वाहनचालनाचे कलम २८१ मात्र ‘जो कोणी वाहन चालवील’ त्याच्यावरच रोखलेले आहे. यंत्रणा सुरू असताना ‘जो कोणी’ म्हणजे आसनावर बसलेला माणूस, गाडीचा मालक, की ती यंत्रणा विकणारी कंपनी, हे पहिल्याच बैठकीत समितीपुढे ठेवावे.