पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच: नवीन जोडलेल्या पीसीत आधी काय बघायचं?

तुमच्या दोन तक्रारी आहेत. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड जोडल्यावर पंखे फिरतात, पण मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो. शिवाय गोव्यात डिचोलीच्या जुन्या घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. दुसरी आधी घेतो.

झिणझिण्या म्हणजे सॉकेटला अर्थिंग नाही, जवळजवळ नक्कीच. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा करंट अर्थच्या तारेने जातो. तारच नसेल तर पत्र्यावर ११० व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून सॉकेट तपासा (सवय नसेल तर वायरमनकडून): फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही साधारण तेवढंच, न्यूट्रल-अर्थ फार तर दोन-चार व्होल्ट. सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून 'झालं' म्हणणारा वायरमन भेटला तर त्याला परत पाठवा. मागे न्यूट्रल तुटला की अख्खं कॅबिनेट फेजवर येतं. चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी घालत राहावं लागतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तीही बसवून घ्या.

आता काळी स्क्रीन. पंखे फिरतात म्हणजे १२ व्होल्ट येतोय, एवढंच. प्रोसेसर चालू झाला असं त्यावरून ठरत नाही. एचडीएमआय केबल कुठे लावलीय? ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही (५६००जी मध्ये आहे), त्यामुळे बोर्डावरच्या पोर्टमधून काहीच येणार नाही. केबल कार्डालाच हवी. कार्डाची पॉवर केबलही बघा. प्रोसेसरची ८ पिनी केबल ४+४ अशी सुटते, कार्डाची ६+२ अशी. घाईत पहिलीच लावायची राहून जाते, कारण तिचा सॉकेट बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असतो. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या मॉडेलच्या केबल वापरू नका. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि पार्ट जळतात.

एवढ्याने भागलं नाही तर सगळं काढून कमीत कमी सामानावर या. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहतो. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम, कार्ड, बस. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. एकाच बाजूला खिट्टी असलेल्या स्लॉटमध्ये दुसरं टोक अर्धवट राहतं, तिकडे अंगठ्याने दाबा. बोर्डावरच्या, पॉवर बटणाची वायर लागते त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की सुरू होतं. बाहेर चाललं आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर बहुधा बोर्डाखाली एखादा जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर स्क्रूने बसतो तो पितळी खुंटा) शॉर्ट करतोय.

बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (डिस्क) असे दिवे असतील तर कुठला अडकतो ते बघा. डीरॅम अडकला तर दुसरी रॅम, दुसरा स्लॉट. तरी तेच असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ बटण-सेल पाच मिनिटं काढून बायोस (बोर्डातलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) रिसेट करा. त्यानंतर पहिल्या वेळी मशीन स्वतःच एक-दोनदा बंद-चालू होऊ शकतं. दोन-तीन मिनिटं बटणाला हात लावू नका.

सीपीयूचा दिवा अडकला तर माझा पहिला संशय बायोसवर. बी४५० हा ५६०० च्या बराच आधीचा, त्यामुळे जुन्या स्टॉकमधल्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखता येत नाही. बोर्डावर फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करायचं) बटण असेल तर एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने फाइल ठेवून अपडेट होतं, प्रोसेसर चालू असावा लागत नाही. बटण नसेल तर दुकानदाराला जुना रायझन लावून करून द्यायला सांगा. कूलर काढताना आधी किंचित फिरवा. सरळ ओढला तर एएम४ सॉकेटचा (तुमचा तोच) प्रोसेसर पेस्टमुळे कूलरला चिकटून सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात.

दुकानात नेताना कार्ड काढून वेगळ्या खोक्यात न्या. ३०६० स्लॉटला लोंबकळत डिचोली ते म्हापसा खड्ड्यांतून गेलं तर आणखी एक बिघाड वाढेल.