ताई, माझी झाडं का जगत नाहीत?

प्रश्न: ताई नमस्कार, घरून काम सुरू झाल्यापासून दिवसभर लॅपटॉपसमोर असते, चिडचिड वाढलीय, रात्री झोप लागत नाही. मैत्रीण म्हणाली कुंड्या लाव, मन रमेल. हौसेनं १२ आणल्या, रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातलं, तरी ७ गेल्या. आता बाल्कनीचं दारच उघडावंसं वाटत नाही. मला हे जमणारच नाही का?

उत्तर: जमेल हो, आणि का गेली ते तुमच्याच पत्रात आहे, सकाळ-संध्याकाळ पाणी! कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच जातात, मी तर हेच जास्त बघितलंय. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत सतत पाणी भरून राहिलं की हवेला जागाच उरत नाही आणि मुळं कुजायला लागतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड मान टाकतं, आपल्याला वाटतं तहानलंय, आपण अजून ओततो. तुम्ही काळजी घेतली नाही असं अजिबात नाहीये, उलट जास्तच घेतलीत.

आता करायचं काय, तर पाण्याची वेळ ठरवायची नाही, बोट ठरवेल. बोटाची दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर तसंच मागे फिरा. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत भरपूर घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका. थोडे दिवसांनी कुंडी नुसती उचलून वजनावरूनच कळायला लागतं. (तळाला खडी टाकली की निचरा चांगला होतो असं सगळेच सांगतात, मीही कित्येक वर्षं टाकायचे, पण वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकं मोकळी आणि माती भुसभुशीत, एवढं बास.)

आणि ७ कुंड्या रिकाम्या झाल्यात त्या लगेच भरू नका प्लीज. उरलेल्या ५ वर दोन महिने काढा.

मन रमण्याबद्दल म्हणाल तर तुमची मैत्रीण उगाच नाही बोलली. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, नियमित बागकाम करणाऱ्या ३० जणांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग निम्म्यांना अर्धा तास बागेत पाठवलं आणि निम्म्यांना आत वाचत बसवलं. ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल दोन्हीकडे उतरलं पण बागेतल्यांचं जास्त, आणि मूड मात्र फक्त बागेतल्यांचाच पूर्ण सावरला. ते बाहेर मोकळ्या जागेत होते आणि त्यांना आधीपासून आवड होती, त्यामुळे बाल्कनीत डिट्टो तसंच होईल असं मी छातीठोक नाही सांगणार. पण सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी दहा मिनिटं तिथे उभं राहून तर बघा, फोन आत ठेवून. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळही जागेवर यायला मदत होते, ते झोपेसाठीही बरं.

एक सोप्पी गोष्ट सांगते. मनीप्लांटची फांदी पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, थोडं खाली कापा आणि काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवा, ते पेर बुडलं पाहिजे, पानं नाही. माझं ऑपरेशन झालं होतं तेव्हा खाली वाकायची बंदी होती, तेव्हा खिडकीत अशी एकच बाटली होती माझ्याकडे. बरेच दिवस काहीच नाही, मग एके सकाळी पेराशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका, दोन दिवसांनी तो लांब झाला, मग त्याला बारीक लव फुटली. त्या दिवसांत सकाळी उठायचं कारण म्हणजे ती बाटली होती, खरंच सांगते.

झोपेचा त्रास बरेच आठवडे चालूच राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कुंड्या त्याच्याऐवजी नाहीत.

प्रश्न: आई गेल्यापासून बाबा (वय ७४) गप्प गप्प असतात. त्यांच्यासाठी कुंड्या आणल्या पण ते हातही लावत नाहीत. त्यांना त्रास नको म्हणून पाणी माझी बायकोच घालते. अजून काय करता येईल?

उत्तर: वहिनींना सांगा झारी बाबांच्या हातात द्या. तुम्ही दोघं प्रेमानेच करताय ते कळतंय मला, पण त्यात बाबांना करण्यासारखं काही उरलंच नाही ना.

१९७६ मध्ये एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना रोपं दिली, पण एका गटाला सांगितलं की रोप हवंय का, कुठलं हवंय ते तुम्ही ठरवा आणि सांभाळायचंही तुम्हीच, दुसऱ्या गटाला सांगितलं की नर्स बघेल. पहिल्या गटाला इतर बाबतीतही स्वतः ठरवायची मोकळीक होती त्यामुळे सगळं श्रेय रोपाला देता येणार नाही, पण तीनच आठवड्यांत ती माणसं जास्त सावध, जास्त हालतीफिरती आणि आनंदी झाली होती.

म्हणून बाबांना सोबत नेऊन एकच रोप त्यांनाच निवडू द्या. ते विसरले आणि झाड सुकलं तरी गुपचूप पाणी घालू नका, आणि मेलं तर बोलू नका, दुसरं आणायला परत त्यांनाच न्या. कुंडी हलकी प्लॅस्टिकची, कमरेच्या उंचीच्या टेबलावर, शेजारी खुर्ची, झारी लहान. हाताला जखम असेल तर ग्लोव्हज घालायचेच, मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. पॉटिंग मिक्सची (कुंडीत भरायच्या तयार मातीची) पिशवी तोंडाजवळ धरून उघडायची नाही, थोडं पाणी शिंपडून मग ढवळायचं, त्या धुळीतून क्वचित फुप्फुसाचं इन्फेक्शन होतं आणि या वयात ते जड जातं. जेवण तुटलं असेल, कशातच जीव नाही असं बोलत असतील, तर थांबू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

प्रश्न: बेडरूममध्ये ४-५ इनडोअर झाडं ठेवली तर हवा शुद्ध होते का? खोलीला एकच खिडकी आहे.

उत्तर: नाही होत. हे सगळं १९८९ च्या नासाच्या अभ्यासावरून पसरलं, पण ते प्रयोग बंद पेटीत केले होते, आपल्या खोलीत हवा येत-जात असते. २०१९ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा दिसलं की नेहमीच्या हवा खेळण्याइतका परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडा. झाड ठेवा ते डोळ्यांना दिसावं म्हणून, पलंगावर पडल्या पडल्या दिसेल असं, खिडकीजवळ, आणि पानांवर धूळ बसली की ओल्या फडक्याने एकेक पान खालून हात धरून पुसा, घाई न करता.