वाचक विचारतात : संसदेत दिलेल्या शब्दाचं पुढे काय होतं?

प्रश्न (सावंतवाडीहून एक वाचक) : विरोधी पक्षाचा खासदार लोकसभेत उभा राहतो, तुम्ही हे देणार होतात, ते करणार होतात, त्याचं काय झालं म्हणून सरकारला धारेवर धरतो, व्हिडिओ दोन दिवस सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि मग सगळं थंड. सरकारला खरंच उत्तर द्यावं लागतं का, की नुसती भाषणं?

उत्तर : द्यावं लागतं, पण खासदाराने कुठलं आयुध वापरलंय त्यावर सगळं आहे. व्हायरल होणाऱ्या क्लिप बहुतेक शून्य प्रहरातल्या (म्हणजे खासदार तातडीचे विषय मांडतात त्या वेळेतल्या) नाहीतर एखाद्या चर्चेतल्या असतात, आणि शून्य प्रहरात काढलेल्या विषयावर मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधनच नसतं. मंत्र्याला खरं अडकवता येतं ते प्रश्नोत्तराच्या तासात. लोकसभेत सकाळी ११ ते १२, दिवसाला २० तारांकित प्रश्न ज्यांचं उत्तर मंत्र्याने उभं राहून द्यायचं, आणि २३० अतारांकित ज्यांचं उत्तर लेखी येतं. तारांकितमध्ये मजा पुरवणी प्रश्नांची, म्हणजे उत्तर ऐकून तिथेच विचारलेल्या पुढच्या प्रश्नांची, कारण लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी नीट घासूनपुसून लिहिलेलं असतं पण पुरवणीला मंत्र्याला स्वतः बोलावं लागतं आणि अभ्यास आहे की नाही ते तिथे लगेच कळतं. म्हणून तर विरोधकच जेव्हा घोषणा देत वेलमध्ये (अध्यक्षांच्या समोरच्या मोकळ्या जागेत) उतरून हा तास बंद पाडतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात सुटतो तो मंत्री. आणि २०२० च्या पावसाळी अधिवेशनात सरकारने कोविडचं कारण देऊन हा तासच वगळला होता, लेखी उत्तरं चालू ठेवली पण पुरवणी गेल्या, तेही चुकीचंच होतं.

एक उदाहरण बघा. शेतकऱ्यांचं उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट करू, हे पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये बरेलीच्या सभेत सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी अरुण जेटलींच्या बजेट भाषणात ते आलं. पुढे विरोधी खासदारांनी हे पुन्हापुन्हा विचारलं, झालं का दुप्पट? उत्तरात काय यायचं तर पीएम किसान, पीक विमा, सिंचन अशी योजनांची लांबलचक यादी आणि उत्पन्न वाढलेल्या ७५,००० शेतकऱ्यांच्या यशोगाथांचं पुस्तक. पण ज्यांनी नेमका आकडा मागितला त्यांना सरकारचाच सर्व्हे द्यावा लागला, २०१८-१९ चा, ज्यात शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये आहे. २०१२-१३ मध्ये ते ६,४२६ होतं. त्या १०,२१८ मध्ये पिकातून आलेले फक्त ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येत होता!! हे कागदावर आहे, सरकारच्याच कागदावर, आणि मला वाटतं तासाभराच्या भाषणापेक्षा विरोधकाच्या हाताला लागलेला असा एक आकडा जास्त कामाचा.

आता शब्द देण्याचं. मंत्री सभागृहात "बघतो", "विचाराधीन आहे", "माहिती गोळा करून पटलावर ठेवू" असं म्हणाला की ते साधं बोलणं राहत नाही, त्याची आश्वासन म्हणून नोंद होते. लोकसभेत १९५३ पासून यासाठी शासकीय आश्वासन समिती आहे, १५ सदस्य, मंत्र्यांना त्यात घेत नाहीत. राज्यसभेची वेगळी समिती १९७२ पासूनची, तिच्यात १० जण. साधारण तीन महिन्यांत आश्वासन पुरं करायचं असतं, नाही जमलं तर मंत्रालयाने समितीकडे मुदतवाढ मागायची, आणि इथेच गळती आहे, कारण मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत जाते नाहीतर हे आश्वासन वगळा म्हणून विनंती येते आणि ज्याने प्रश्न विचारला त्याची टर्म संपलेली असते. शिवाय निवडणुकीच्या सभेत किंवा जाहीरनाम्यात दिलेला शब्द या समितीकडे येतच नाही. तो आणायचा तर कुणीतरी खासदाराने प्रश्न टाकून मंत्र्याच्या तोंडून सभागृहात वदवून घ्यायला हवा, चांगला विरोधक तेच करतो.

प्रश्न (त्याच वाचकाचा) : पण अशा पाठपुराव्याने कधी काही मिळालंय का?

उत्तर : तुमच्या स्टेशनवर गाडी थांबते ना! जुन्या राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून बॅ. नाथ पै आणि ते गेल्यावर १९७१ ते १९९१ मधू दंडवते, दोघंही कोकण रेल्वेसाठी दिल्लीत बोलत राहिले, आणि यातला बहुतेक काळ विरोधी बाकांवरून. दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, नंतर १९८९ मध्ये अर्थमंत्री, त्याच सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन उभं राहिलं. पूर्ण मार्ग सुरू झाला २६ जानेवारी १९९८ ला. चाळीस वर्षं होतात ही, आणि नाथ पैंना ते बघायला मिळालं नाही याची खंत कोकणात अजून लोक बोलून दाखवतात.

प्रश्न (लातूरहून एक वाचक) : आमचा खासदार काय विचारतो हे आम्हाला कळणार कसं?

उत्तर : संसदेच्या वेबसाइटवर, संसद डॉट इन वर, प्रश्नांच्या विभागात जायचं आणि खासदाराचं नाव किंवा मंत्रालय निवडायचं, प्रश्न आणि उत्तर दोन्हीची पीडीएफ मिळते. उत्तरात तारीख किंवा आकडा आहे का तेवढं आधी बघा, नसेल तर खासदाराच्या ऑफिसला फोन करून पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारा म्हणून सांगा, आणि विषय राज्याचा असेल तर आमदाराला धरा, विधानमंडळातही आश्वासन समिती आहे.